मंत्रचळ, विळी आणि कुणालाच न सांगितलेले विचार

अबोली
हा धागा काढू की नको, असं चार दिवस चाललंय. परवा मधल्या सुट्टीत आमच्या शाळेतली एक मैत्रीण सहज म्हणाली, "मला ना जरा ओसीडीच आहे, डबा पुसल्याशिवाय पिशवीत ठेवतच नाही." तिचं काही चुकलं असं नाही, हल्ली सगळेच असं म्हणतात. पण ओसीडी हा मनाचा आजार आहे, नकोसे विचार आणि त्यांच्या भीतीनं पुन्हा पुन्हा केलेल्या कृती ह्यांचा. पण माझ्या पोटात गोळा आला. मी उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. जे मी अकरा महिने कुणाला सांगू शकले नाही ते आता नीट लिहून काढावं असं वाटलं, म्हणून लिहिते आहे. लांबेल, सांभाळून घ्या.

माझी मुलगी आता नऊ वर्षांची आहे. ती दीड महिन्याची होती तेव्हाची गोष्ट. मी माहेरी, सांगलीला होते. आई देवळात गेली होती, बाळ पाळण्यात झोपलं होतं आणि मी स्वयंपाकघरात विळीवर दुधी चिरत बसले होते. विळीला आदल्या दिवशीच धार लावून आणलेली. दुधीची फोड पडली आणि त्याच क्षणी मनात आलं, ह्या विळीनं मी बाळाला काही केलं तर? नुसतं वाक्य नाही, डोळ्यांसमोर चित्रच उभं राहिलं. हातपाय गार पडले. मी विळी मिटली, गोणपाटात गुंडाळली आणि स्टुलावर चढून माळ्यावर पार मागे ढकलून दिली. आईला सांगितलं, खिळा ढिला झालाय, लागेल कुणाला. अर्धा चिरलेला दुधी तसाच काळा पडला.

त्यानंतर सुरी, कात्री, नेलकटर, सगळं एकेक करून माझ्या हातातून गेलं. बाळाला न्हाऊमाखू घालायला बाई यायच्या तेव्हा मी खोलीबाहेर थांबायची. शेगडी आत आली की मी अंगणात. घरातल्यांना वाटायचं, हिला लेकीची मायाच नाही. आणि मी रात्रभर जागी राहून स्वतःला तपासत असायची: तिच्याकडे बघून मला प्रेम वाटतं ना? मग एक स्तोत्र अकरा वेळा म्हणायचं. मध्ये तो विचार आला की ती वेळ बाद, पुन्हा पहिल्यापासून. पहाटेचे तीन वाजायचे.

गावातल्या एका डॉक्टरांकडे गेले, तर फक्त "झोप येत नाही" एवढंच सांगितलं. त्यांनी झोपेची गोळी दिली. खरं सांगायची हिंमतच नव्हती. बाळ काढून घेतील, येरवड्याच्या मनोरुग्णालयात पाठवतील, नवरा सोडून देईल, असं काय काय डोक्यात होतं.

अकरा महिन्यांनी नवऱ्यानं जवळजवळ ओढतच एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. त्यांनी झोपेचं, भुकेचं विचारलं आणि मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "बाळाबद्दल नको ते विचार येतात का? तिला इजा होईल, आपल्याच हातून होईल, असे?" तोवर हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. मी किती वेळ रडले माहीत नाही. मग त्यांनी विचारलं, "हे विचार तुम्हाला हवेसे वाटतात?" मी म्हटलं, त्यापेक्षा मरण परवडलं. त्या म्हणाल्या, "म्हणूनच ते तुम्हाला चिकटलेत. जे जिवापलीकडे प्रिय असतं, हा आजार नेमकं तिथेच बोट ठेवतो."

त्यांनी नाव सांगितलं ओसीडी. आणि मग म्हणाल्या, आपल्याकडे जुना शब्द आहे, मंत्रचळ.

तो शब्द ऐकला आणि मला माझी आजी दिसली.

आजीला सगळं गाव "फार सोवळ्याची" म्हणायचं. तांब्याची घागर ती इतक्या वेळा घासायची की काठ पातळ झाला होता. आडावरून पाणी आणताना कुणाची सावली पडल्याची शंका आली की पाणी ओतून परत आडावर. पौषातल्या थंडीत चौथ्यांदा अंघोळ करून कुडकुडत उभी असलेली आजी मी बघितली आहे. आम्ही पोरं मुद्दाम जवळून पळायचो आणि हसायचो. तिची बोटं मला आजही दिसतात. टोकं पांढरी, सुरकुतलेली, सांध्यांवर भेगा आणि भेगांत तांबडं.

आता मला कळतं की आमच्या शेजारच्या काकूंचं सोवळं आणि आजीचं सोवळं ह्यांत जमीनअस्मानाचा फरक होता. काकूंची पूजा झाली की झाली, सोवळं सोडून त्या खुशाल चहा प्यायच्या. आजीला "झालं" असं कधी वाटलंच नाही. ती धार्मिक होती म्हणून धूत नव्हती, भेदरलेली होती म्हणून धूत होती. तिच्या काळात तिला हे सांगणारं कुणी नव्हतं. ह्याचं मला अजून फार वाईट वाटतं.

माझ्यावर उपचार कसे झाले ते पुढच्या प्रतिसादात लिहिते. तुमच्या घरात, तुमच्या मनात असं काही असेल तर इथे लिहा.

पाणवठा
अबोली, तुमचं वाचताना दोनदा थांबलो. माझे वडील ६७ वर्षांचे. निवृत्तीनंतर हात धुणं वाढत गेलं. आता अंघोळीला दोन तास. गच्चीवरची टाकी रिकामी होते. नळाला ते स्वतः हात लावत नाहीत, आम्ही सोडायचा आणि आम्हीच बंद करायचा. बाहेरून आलं की आम्ही सगळ्यांनी कपडे दारात बदलायचे. आईनं त्यांच्यासाठी वेगळी भांडी, वेगळा साबण, वेगळं टॉवेल असं सगळं लावून दिलंय, म्हणजे घरात वाद नकोत. आणि दर पाच मिनिटांनी प्रश्न, "हात नीट धुतले ना मी? तू बघितलंस ना?" आम्ही हो म्हणतो. हो म्हटलं की दोन मिनिटं शांत. हाच तो आजार का? आणि आम्ही करतोय ते बरोबर की चूक?

कडुनिंब
रागावू नका, पण आमच्या लहानपणी असले आजार ऐकले नव्हते. माणूस राबायचा, दमून झोपायचा. मन रिकामं राहिलं की त्यात किडे पडतात. मन कामात गुंतवा, निश्चयानं विचार बाजूला सारा. माझा हेतू चांगलाच आहे.

अबोली
कडुनिंबकाका, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण माझी आजी पहाटे चारला उठून दळायची, शेतावर भाकरी न्यायची, सात पोरं वाढवली तिनं. तिचं मन रिकामं कधी होतं? आणि निश्चय म्हणाल तर मी अकरा महिने दुसरं काही केलंच नाही. विचार निश्चयानं जितका ढकलला तितका तो जोरानं परत आला. तुम्हीच आता मिनिटभर ठरवा, काहीही झालं तरी पिवळ्या मांजराचा विचार करायचा नाही.

पाणवठा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या उपचारातच आहे, म्हणून ते आधी लिहिते.

बाईंनी पहिल्यांदा मला एक गोष्ट सांगितली. १९७८ साली रॅकमन आणि डिसिल्वा ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी आजारी नसलेल्या माणसांनाच विचारलं, तुमच्या मनात आगंतुक, नकोसे, भलते विचार येतात का? बहुतेकांनी हो सांगितलं. कठड्यापाशी उभं असताना उडी मारावीशी वाटणं, समोरच्याला ढकलावंसं वाटणं, देवळात अभद्र शब्द सुचणं. त्या विचारांत आणि ओसीडीच्या रुग्णांच्या विचारांत मजकुराचा फार फरक नव्हताच. बाकीच्यांच्या मनात विचार येतो आणि जातो. आमच्यासारखी माणसं त्याला पकडून बसतात: मला हे सुचलंच कसं? म्हणजे मी आतून तशीच आहे का? मग भीती, भीती घालवायला काहीतरी कृती (धुणं, तपासणं, जप, विचारणं), कृतीनं क्षणभर सुटका, आणि त्या सुटकेमुळेच मेंदू शिकतो की धोका खरा होता. पुढच्या वेळी विचार दुप्पट जोरानं येतो.

गोळी सुरू केली, सर्ट्रालिन. पहिले पंधरा दिवस मळमळ, काही फरक नाही. मी बंद करायला निघाले होते. बाईंनी बजावलं की ह्या आजारात गोळीचा गुण कळायला दहा-बारा आठवडेही लागतात. खरंच दहाव्या आठवड्याच्या सुमारास विचारांचा आवाज खाली आला, रेडिओ शेजारच्या घरात लागलाय इतका.

गोळीबरोबर उपचाराची एक पद्धत होती, तिला ईआरपी म्हणतात. ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीनं सामोरं जायचं आणि नेहमीची कृती करायची नाही. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर ह्यांनी १९६६ साली ही वाट पहिल्यांदा दाखवली. त्याआधी हा आजार बरा होणं फार अवघड धरलं जायचं.

आम्ही वहीत पायऱ्या लिहिल्या, प्रत्येकीपुढे भीतीचे मार्क शंभरापैकी. विळी माळ्यावरून खाली काढणं: ४०. ओट्याखाली ठेवून झोपणं: ५५. मुलगी दुसऱ्या खोलीत असताना भाजी चिरणं: ७०. ती शेजारी असताना चिरणं: ९५. हे सगळं बाईंच्या देखरेखीखाली, एकेक पायरी पक्की झाल्यावर पुढची. कुणीही वाचून परस्पर सुरू करू नये.

शेवटच्या पायरीचा दिवस. मटारचे दिवस होते. मुलगी तेव्हा दोन वर्षांची, माझ्या उजव्या बाजूला बसून शेंगा ह्या पातेल्यातून त्या पातेल्यात टाकत होती. मी विळीवर पाय देऊन बसले आणि कोथिंबिरीची जुडी धरली. तळहाताला इतका घाम की देठं निसटत होती. मनात तेच चित्र. बाईंनी शिकवलं होतं, त्याच्याशी भांडायचं नाही, "मी असं करणार नाही" असंही म्हणायचं नाही, स्तोत्र तर नाहीच. फक्त म्हणायचं, "आलाय विचार. असू दे. मला कोथिंबीर चिरायची आहे." पहिली दहा मिनिटं फार वाईट गेली. मुलीनं एक शेंग माझ्या तोंडात कोंबली. पाऊण तासानं मी वहीत ३५ लिहिले. जुडी संपली होती आणि कोथिंबिरीचा वास साऱ्या घरभर होता.

आता खात्री देण्याविषयी. मी नवऱ्याला दिवसातून वीस-तीस वेळा विचारायची, "मी काही करणार नाही ना रे?" तो बिचारा दर वेळी "नाही गं, तू असं करूच शकत नाहीस" म्हणायचा. प्रेमानंच म्हणायचा. बाईंनी त्याला बोलावून सांगितलं की तुमच्या ह्या "नाही गं"शिवाय तिला चालेनासं झालंय. त्यानं एकदम बंद केलं नाही. आधी ठरवलं, दिवसातून पाचदाच उत्तर. मग दोनदा. मग तो म्हणायचा, "हा प्रश्न आजाराचा आहे. त्याचं उत्तर मी देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो." आणि खरंच बसायचा. पहिल्या आठवड्यात मी त्याच्यावर फार चिडले, एकदा तर ताट ढकललं. आज वाटतं, त्यानं माझ्यासाठी केलेली ती सगळ्यात अवघड गोष्ट होती.

ओंजळ
अबोली, फार नेमकं लिहिलंय तुम्ही. मी मानसोपचाराच्याच क्षेत्रात आहे, थोडी भर घालते.

ओसीडी पूर्वी चिंताविकारांतच मोडायचा. २०१३ साली अमेरिकेच्या डीएसएम-५ ह्या मानसिक आजारांच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र प्रकरण मिळालं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ ह्या आजारांच्या यादीतही तो वेगळा आहे. चिंतेशी नातं अर्थातच जवळचं आहे. पण माझ्या मते ह्याचं बीज शंकेत आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टर ह्याला शंकेचं वेड म्हणायचे, ते मला फार बरोबर वाटतं. नीटनेटकेपणाची आवड असणाऱ्याला कपाट लावून समाधान मिळतं. ह्या माणसांना समाधान मिळतच नाही.

एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. बाळंतपणानंतर अबोलींना आले तसे विचार येणाऱ्या आया त्या विचारांनी भयभीत असतात आणि बाळाला जपायला धडपडतात. विळी माळ्यावर टाकणं म्हणजे तेच. ह्याहून अगदी निराळा असा एक तीव्र आजार प्रसूतीनंतर, बहुतेकदा पहिल्या काही आठवड्यांतच, काही बायकांना होतो. त्यात आवाज ऐकू येतात, बाळाविषयी विचित्र गोष्टी खऱ्याच वाटू लागतात, झोप पार उडते, बोलणं असंबद्ध होतं. तशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यायचं, आई आणि बाळ दोघांना एकटं सोडायचं नाही. दोन्हींत फरक करणं हे डॉक्टरांचं काम आहे. म्हणून लपवू नका, सांगा.

पाणवठा, तुमच्या बाबांना आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. उतारवयात हे नव्यानं सुरू झालं असेल तर शारीरिक तपासण्याही करून घेतात. पण बऱ्याचदा नीट विचारल्यावर कळतं की तरुणपणापासून थोडं होतंच, नोकरीच्या धबडग्यात झाकलेलं. तीव्रता मोजायला दहा प्रश्नांची एक मोजपट्टी वापरतात, चाळीसपैकी गुण. औषधं फ्लुओक्सेटिन, फ्लुवोक्सामिन, सर्ट्रालिन ह्या गटातली, नैराश्यापेक्षा बहुधा जास्त मात्रेत. मनानं बंद करायची नाहीत. आणि तुम्ही घरचे नळ सोडता, कपडे बदलता, हो म्हणता, हे मायेपोटीच आहे, पण त्यानं आजाराला खाणं मिळतं. हे उपचार करणाऱ्याशी बोलून हळूहळू कमी करायचं. एका दिवसात सगळं बंद करून त्यांना कोंडीत पकडायचं नाही.

पैशाचा प्रश्न असेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

जास्वंद
मी इथे नुसतं वाचत असते, पहिल्यांदाच लिहिते आहे. मला देवापुढे बसलं की घाणेरडे शब्द सुचतात. देवाबद्दल. लिहितानाही हात थरथरतोय. मी वर्षभर दिवा लावलेला नाही, सासूबाईंना सांगते पाठ दुखते म्हणून वाकवत नाही. मला वाटायचं माझ्यावर कसलं तरी पाप आहे. एका ठिकाणी जाऊन शांत करून आणलं, सव्वा महिना बरं वाटलं, मग परत. हेही त्यातलंच का?

अबोली
जास्वंद, ताई म्हणू का? हेही त्यातलंच असावं असं मला फार वाटतं, नक्की डॉक्टर सांगतील. मंत्र म्हणताना चूक झाली की माणूस चळतो, अशी जुनी समजूत. ह्या शब्दातच तुमच्यासारख्या किती जणी दडल्या असतील. ज्याला देवाची पर्वा नाही त्याला असले शब्द सुचले तरी तो विसरून जेवायला बसतो. तुम्ही वर्षभर दिव्याला हात लावला नाहीत, इतकं तुम्हाला ते जपावंसं वाटतं.

दूरदेशी
न्यू जर्सीहून लिहितोय. माझं गाडीचं आहे. रस्त्यात खड्डा लागला, चाक जरा उडालं की वाटतं माणूस होता. वळून परत जातो, बघतो, काही नसतं. दोन सिग्नल पुढे गेलो की परत शंका, अंधारात नीट दिसलं नसेल. अर्ध्या तासाच्या घराच्या वाटेला दोन तास लागतात. घरी येऊन स्थानिक बातम्या चाळतो, अपघात झालाय का. बायकोला सांगितलंय ऑफिसात काम वाढलंय. आज तुमच्या माळ्यावरच्या विळीचं वाचलं आणि पहिल्यांदा वाटलं की हे मी एकटाच करत नाहीये. मी इथे कुणाला दाखवलं तर ऑफिसात कळेल, लायसन्स जाईल अशी भीती आहे.

ओंजळ
दूरदेशी, हा प्रकार चांगला ओळखीचा आहे, ओसीडी असून गाडी चालवणाऱ्यांत बराच आढळतो. गोपनीयतेचा तिथला नियम तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत थेट विचारा, सगळे विचारतात. भारतातल्यांसाठी सांगते, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिलाय, ठरावीक अपवाद सोडले तर तुमच्या परवानगीशिवाय ती ऑफिसला देता येत नाही. त्याच कायद्यानं विमा कंपन्यांनी मानसिक आजारही शारीरिक आजारासारखेच धरायचे आहेत. आणि आज फक्त एक करा, बायकोला खरं सांगा.

कडुनिंब
अबोली, तुमचं पिवळं मांजर काल रात्रीपासून डोक्यात आहे. माझी थोरली बहीण रात्री सात-सात वेळा कडी बघायला उठायची. वडील तिला मारायचे. ती गेली त्याला आता वीस वर्षं झाली. मी आधी जे लिहिलं ते मागे घेतो.

अबोली
काका, लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. ताईंच्या आठवणीला माझा नमस्कार.

पाणवठा
पंधरा दिवसांनी लिहितोय. बाबांना घेऊन गेलो होतो. जायला तयार नव्हते, आईनं सांगितलं "मला तुमची बोटं बघवत नाहीत", मग निघाले. डॉक्टरांनी गोळी दिलीये आणि दर शुक्रवारी बोलावलंय. आम्हाला सांगितलंय की एकाच गोष्टीपासून सुरू करा, ती बाबांनीच निवडायची. त्यांनी नळ निवडला. काल संध्याकाळी मी बाथरूमच्या दाराशी उभा होतो, आत ते नळाकडे बघत उभे. "तू सोड ना." मी म्हटलं, "बाबा, मी इथेच उभा आहे." सात-आठ मिनिटं गेली असतील. मग कोपरानं नाही, बोटांनी नळ फिरवल्याचा आवाज आला. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "नीट धुतले ना रे?" मी काही बोललो नाही, त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. आईनं चहा आणला. बशी त्यांनी आमच्याच कपाटातली घेतली.

जास्वंद
पाणवठा, वाचून रडू आलं. मला मंगळवारची वेळ मिळाली आहे. अबोली, एक विचारायचं होतं, डॉक्टरांपुढे ते शब्द मोठ्यानं म्हणावे लागतात का?

अबोली
पहिल्या भेटीत नाही, ताई. "देवाबद्दल नको ते शब्द सुचतात" एवढंच म्हणा. तेवढंही तोंडातून निघालं नाही तर तुमचा इथला पहिला प्रतिसाद कागदावर उतरवून न्या आणि त्यांच्या हातात द्या. मी तर पहिल्या दिवशी नुसती मान हलवली होती.